डावीकडचं बोलणं

"ताई, रागावू नका, पण डावीकडे काहीतरी आहे," असं म्हणून ती मुलगी दारातच उभी राहिली. कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात जाण्याआधी तो दिवसभर खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. चण इवलीशी आणि बडबड अखंड, म्हणून ऑफिसात सगळे तिला चिमणी म्हणत. आज मात्र चिमणी जपून बोलत होती. काय आहे डावीकडे, असं विचारल्यावर म्हणाली, "तेच तर सांगता येत नाही. हरिणी घेऊन रानात शिरलं की सारखं वाटतं, डावीकडे कुणीतरी उभं आहे. अगदी जवळ. मग आम्ही उजवीकडे पळतो. सगळेच उजवीकडे पळतात, आणि मरतात." ताई हसली. या ऑफिसात आवाजाचं सगळं काम तिच्याकडे होतं आणि इतक्या वर्षांत तिच्या आवाजात कुणी खोट काढली नव्हती. "घाबरलात ना? मग झालं तर. तुम्ही घाबरावं म्हणूनच मला पगार मिळतो." चिमणीही हसली, पण हलली नाही. "घाबरतो हो ताई. पण ती भीती खोटी वाटते. तिथे बघायला जावं तर काही नसतंच." एवढं बोलून ती भुर्रकन गेली, आणि मागे उरलेलं ते 'खोटी' ताईला दिवसभर नखातल्या काट्यासारखं सलत राहिलं.

कारण खोटं काही करायचं नाही, यावरच तर तो खेळ उभा होता. खेळणारा म्हणजे एक हरिणी. तिला दिसायचं थोडंच: गवत, धुकं, दोन-चार झाडांचे बुंधे. बाकीचं रान ऐकून ओळखायचं. हातातल्या कंट्रोलरवर अंगठ्याखाली असलेल्या दोन खुंट्यांनी तिचे दोन कान वळवायचे, आणि कान जिकडे वळतील तिकडचं रान उघडत जायचं: आधी नुसती सळसळ, मग त्या सळसळीतलं वाळलेलं पान वेगळं, ओल्या दगडावर घसरलेला पंजा वेगळा, आणि फार धीर धरला तर कुणाचा तरी दाबून धरलेला श्वास. पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूचं रान तेवढंच मिटायचं, वर जाड पांघरूण टाकल्यासारखं. ही मेख ताईची. पहिल्यांदा तिने ती सांगितली तेव्हा बुवा, म्हणजे छातीपर्यंत दाढी असलेला त्यांचा प्रोग्रामर, म्हणाला होता, "ऐकायचीसुद्धा किंमत मोजायला लावतेस की गं." ती म्हणाली होती, "फुकट कोण ऐकतं?" मग बुवाने लांडगा लिहिला. त्या लांडग्याचं सगळे कौतुक करायचे, काय चलाख आहे म्हणायचे, आणि बुवा दाढीतल्या दाढीत हसायचा. "चलाख कसला. त्याला एकच गोष्ट येते. कान कुठे वळलेत ते बघतो आणि दुसऱ्या बाजूने येतो."

ही मेख तिला कुठून सुचली, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी आईवडिलांची बाचाबाची सुरू झाली की ती कुशीवर वळून एक कान उशीत दाबायची, आणि दुसऱ्यावर तळवा कधी ठेवायची, कधी उचलायची. तळवा ठेवला की घर मिटायचं, उचलला की उघडायचं. आईचा आवाज वाढला की मिटायचं. वडील गप्प झाले की उघडायचं, कारण वडील गप्प होणं जास्त वाईट असायचं. या एका गोष्टीत ती तेव्हापासून पक्की झाली. घरातल्या कुठल्या खोलीत कोण कुठल्या बाजूला तोंड करून बसलंय, हे ती डोळे मिटून सांगायची. आई म्हणायची, "हिच्यापासून काही लपवायची सोय नाही. मांजरासारखे कान आहेत कार्टीचे." पुढे त्याच कानांवर नोकरी मिळाली, नाव झालं, नवरासुद्धा त्याच कानांवर मिळाला असं ती थट्टेने म्हणायची. एका ओळखीच्या घरी खूप माणसं जमली होती आणि पाठमोऱ्या गर्दीतून एकाच माणसाचं हसणं तिला आवडलं होतं, चेहरा बघायच्याही आधी.

चिमणीला खोटं पाडायचं म्हणून दुपारी तिने हेडफोन चढवले आणि रान सुरू केलं. रान चोख होतं. दोन्ही बाजू तराजूत तोलल्यासारख्या. तरी खात्री करून घ्यावी, म्हणून तिने पडद्यावर आवाजाच्या दोन पट्ट्या सुरू केल्या, डावीची आणि उजवीची. आणि डावीची पट्टी उजवीच्या दुप्पट उंच गेली. तिला वाटलं, पट्टीच बिघडली. मग वाटलं, हेडफोनचा डावा भाग मेला असणार, म्हणून तिने हेडफोन उलटे घातले. डावीकडचं रान उजव्या कानात असं घुसलं की ती खुर्चीतून अर्धी उठली. पानं नव्हती ती, कुणी पत्रे तुडवत येत होतं. आणि डाव्या कानात, जिथे आता उजवीकडचं रान असायला हवं होतं, तिथे काहीच नव्हतं. फार लांब, कुणीतरी बंद खोलीत कागद चुरगाळावा इतकंच. रोज रान लावताना आपण स्वतःशी काय म्हणत आलो, ते तिला आठवलं. डावीकडचं जरा पडेल वाटतंय, थोडं वाढवू. परवा वाढवलं तरी आजही पडेल वाटतंय, आणखी थोडं. असं किती महिने चाललं होतं कोण जाणे. रान कधीच पडेल नव्हतं. आपला कान विझत गेला आणि आपण रान मोठं करत गेलो, आणि ती बिचारी मुलं नसलेल्या जनावराला भिऊन खऱ्या लांडग्याच्या तोंडात जात राहिली. मग एकेक गोष्ट आपणहून समोर यायला लागली. खिडक्यांना नवीन काचा बसवल्यापासून घर कसं शांत झालंय, हे ती येईल त्याला सांगायची. काचवाल्याचा नंबर तिने दोघा-तिघांना दिला होता. उजव्या कुशीवर झोपलं की ही शांतता यायची. डाव्या कुशीवर ती कधी आलीच नव्हती, पण हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

कानांच्या डॉक्टरीणबाई मऊ बोलणाऱ्या होत्या आणि मुद्दाम तिच्या उजवीकडे बसल्या. तपासण्या झाल्या, कागदावरची रेघ खाली खाली उतरत गेलेली तिने बघितली. बाई म्हणाल्या, की शरीर कधीकधी आपल्याच कानावर उलटतं, आतून सूज येते आणि नस सुकत जाते. डावा बराचसा गेलाच आहे. वर्षभरापूर्वी आला असतात तर वाचला असता. आता इंजेक्शनं लगेच सुरू करायची, उरलंय ते राखायचं. उशीर केला तर हे उजव्या कानावरही जातं, आणि उजवा गेला की मग काही हातात राहत नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, "घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का हो? एरवी घरच्यांनाच आधी कळतं. पेशंटला स्वतःला पत्ता नसतो." ती म्हणाली, "घरी आम्ही दोघंच असतो." आणि हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे तिला जिना उतरताना कळलं.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला सांगणार होती. वाक्यही ठरवलं होतं. ती टेबलाशी बसली होती, आणि तो तिच्या डाव्या अंगाला असलेल्या कपाटातून पेले काढत होता. त्याला काहीतरी विचारायचं असावं. तो थांबला. पेले घेऊन पूर्ण टेबलाला वळसा घालून तिच्या उजवीकडे आला आणि म्हणाला, "चहा आता घेणार, की नंतर?" तिने त्याच्याकडे बघितलं. नेहमीचाच चेहरा, जरा दमलेला. नकाशे काढायचं त्याचं काम. दिवसभर वाकून मान आखडलेली असायची. "नंतर," ती म्हणाली. मग ती नुसती बघत राहिली. दिव्याचं बिल भरलं का हे विचारताना तो कोचाच्या मागून फिरून आला. उद्या लवकर निघायचंय हे सांगताना पलंगाच्या पलीकडून फिरून आला. इतकी सवयीची चाल होती त्याची, की पावलं आपणहून वळत होती. उत्तर हवं असेल तेव्हा हा माणूस उजवीकडे येतो. त्याला माहीत होतं. आज-कालचं नाही, पावलांना वळण पडेल इतकं जुनं माहीत होतं, आणि तो बोलला नव्हता. ठरवलेलं वाक्य तिने गिळलं.

आणि मग तिला गाडी आठवली. गाडी तीच चालवायची. तो चालवायला बसला की रस्त्यावरच्या प्रत्येकाचा उद्धार करायचा, म्हणून लग्नानंतर लवकरच तिने किल्ली ताब्यात घेतली होती. रोज सकाळी ती त्याला त्याच्या कचेरीच्या फाटकापाशी सोडायची आणि पुढे जायची. म्हणजे रोज सकाळी तो तिच्या डाव्या हाताला बसलेला असायचा. इंजिनाची घरघर, रस्ता, तिच्या डोक्यात रान. डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचे हात हलताना दिसायचे, पण तो गुणगुणत असेल, कामाची जुळवाजुळव करत असेल, असं तिने धरून चाललं होतं. आणि मधूनमधून, माणूस शेजारी आहे म्हणून, ती 'हं' म्हणायची. ही तिची लहानपणची खोड. आई चिडायची: "नुसतं हं हं करू नकोस. हं म्हणत म्हणत लोक घरदार लिहून देतात." या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावं, तर इथे तो पहिला कानच नव्हता. वर्षभर तो काय बोलत होता, आणि आपण कशाकशाला हं म्हणून बसलोय? नोकरी, कान, औषध, सगळं मागे पडलं आणि एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. काय बोलत होता तो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किल्ली त्याच्यासमोर धरली. "डोळे चुरचुरताहेत. आज तू चालव." किल्ली घ्यायला त्याने जरा वेळच लावला. आज तो तिच्या उजवीकडे होता, चांगल्या कानाशी, हातभर अंतरावर. ती कान टवकारून बसली. तो एक शब्द बोलला नाही. पुलावर एक रिक्षा आडवी घुसली, तेव्हा शिवीसुद्धा दिली नाही. पूर्ण रस्ताभर त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास ती ओळखत होती, रोज ऑफिसात खेळासाठी तोच तर तयार करत होती ती, दाबून धरलेला. फाटकापाशी उतरताना तो म्हणाला, "डोळ्यांत थेंब घाल." एवढंच.

त्याच्या पुढच्या सकाळी तिने बोंडं काढली. कानात घालायचे मायक्रोफोन होते ते. दिसायला गाणी ऐकायच्या बोंडांसारखेच, पण आवाज कानात सोडण्याऐवजी कानावर पडेल तसा टिपून घ्यायचे. रस्ते, बाजार, जिने, सगळं ती त्यांच्यावरच गोळा करायची. तो त्यांना 'तुझी बोंडं' म्हणायचा, आणि त्यातून आवाज आत जातो की बाहेर येतो, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. हे आपण करू नये, असं तिला वाटलं. चोरून ऐकणं ते चोरून ऐकणंच. पण माझ्याशीच तर बोलतोय तो, असंही वाटलं, आणि तिने दोन्ही बोंडं कानांत घातली. तो शेजारी बसला, दार लावलं. ती गाडी चालवत राहिली. पहिल्या वळणानंतर डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचे हात उठले. तिला नुसता एक जाडसर गुंजारव येत होता, पलीकडच्या घरात कुणी बोलावं तसा. तिने मान वळवली नाही. सवयीच्या जागा आठवून आठवून ती हं म्हणाली. तिची पाठ घामाने सीटला चिकटली.

ऑफिसात तिच्या खोलीला आतून कडी होती. तिने आवाज उतरवून घेतला आणि डावी बाजू उजवीकडे केली. रोजचं काम, बोट न बघता करतं. आधी इंजिन आलं, मग सीटच्या चामड्याची कुरकुर, आणि मग त्याचा आवाज, इतका जवळ की तिच्या अंगावर काटा आला.

"काल चालवायला दिलंस तेव्हा किल्ली घ्यावी की नाही कळेना. वाटलं, कळलं हिला." मग वळणाच्या दिव्याची टिकटिक. "ती खोली अजून रिकामी आहे. मालक म्हणतो, किती दिवस थांबू, तुमचं काय ते घरात ठरवा एकदाचं. मी म्हटलं, बायकोशी रोज बोलतोय." यावर तो स्वतःशीच हसला, आणि ते तेच हसणं होतं, पाठमोऱ्या गर्दीतलं. "खिडकीतून एक झाड दिसतं. कसलं ते मला नाही कळलं. तुला कळलं असतं." मग तिचं 'हं', मायेचं, समजूतदार. ते ऐकून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "तुला ऐकू येत नाही हे पहिल्यांदा कळलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं होतं, काल एक हत्ती विकत घेतला, गच्चीवर बांधलाय. तू हं म्हणालीस. मी हसलो, मग घाबरलो. म्हटलं, उतरताना सांगू, आजच डॉक्टरकडे नेऊ. तेवढ्यात सिग्नल लागला आणि मी म्हटलं, मला त्या घरात श्वास घेता येत नाही. का म्हटलं कोण जाणे. तू हं म्हणालीस. इतकी वर्षं ते कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटलं, आणि श्वास आला. मग वाटलं, उद्या सांगू. ते राहतच गेलं." मागून कुणीतरी भोंगा वाजवला. तो ओसरेपर्यंत तो थांबला होता, जणू तिला नीट ऐकू यावं म्हणून. "तुझा कान बिघडतोय आणि मी गप्प बसलो. याला काय म्हणतात ते मला कळतं. ज्या दिवशी तुला कळेल त्या दिवशी तू मला ठेवणार नाहीस, आणि मी तरी कुठल्या तोंडाने राहू? ती खोली घेईन आणि जाईन. कळेपर्यंत आहे. सकाळी असं बोलून टाकलं की संध्याकाळी घरी यावंसं वाटतं गं. बघ, आलंच फाटक." दार उघडलं, आणि मग मोठ्या, स्वच्छ, सगळ्यांसाठी असलेल्या आवाजात: "चल, येतो."

तिला संताप आला. माझा कान. माझं पोट त्यावर आहे, माझी अक्कल त्यात आहे, आणि हा माणूस तो विझताना रोज शेजारी बसून बघत होता. कान त्याने खाल्ला नव्हता हे खरं, पण राखणही केली नव्हती. तिने उठून दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसली, आणि पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. दुसऱ्या वेळी राग तेवढाच होता, पण शब्दांमधल्या जागाही ऐकू आल्या. घरी हा माणूस चहा, बिल, थेंब एवढंच बोलायचा. ही वाक्यं, हे थांबणं, ते झाड, हा सगळा माणूस रोज सकाळी तिच्या डाव्या कानात येऊन बसत होता. तिला स्वतःच्याच डाव्या कानाचा हेवा वाटला. तिसऱ्यांदा ऐकताना दारावर टकटक झाली. चिमणी होती. "ताई, डावीकडचं बघितलंत का?" ती म्हणाली, "बघितलं. चूक माझीच होती. ये, बस इथे. आजपासून दोन्ही बाजू तू लावायच्या, तुझ्या कानांनी." चिमणीचे डोळे विस्फारले. "मी? आणि तुम्ही?" "मी पट्ट्या बघेन." त्या पोरीला ते बढतीसारखं वाटलं आणि ती उड्या मारत बुवाला सांगायला गेली.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. उद्या सकाळपासून इंजेक्शनं, उपाशीपोटी या, सोबत घरचं कुणीतरी हवं, असं तिथली मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली. सोबत घरचं कुणीतरी. म्हणजे तोच, आणि त्याला सांगितलं की तो जाणार. तिने खिडकीबाहेर बघितलं. खाली रस्त्यावर माणसं बोलत चालली होती, आणि काचेतून त्यातलं काहीच वर येत नव्हतं. "उद्या जमणार नाही," ती म्हणाली. "परवा?" "परवाही नाही. मी कळवते." पलीकडची मुलगी घुटमळली. "बाईंनी उशीर करू नका म्हटलंय हो. दुसऱ्या कानाचं लिहिलंय इथे." "माहीत आहे मला," ती म्हणाली. "थोडे दिवस जाऊ देत. मग बघू." फोन ठेवून तिने बोंडं पुसली आणि डबीत ठेवली. सांगायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं. सांगायचंच होतं. आज नाही, एवढंच.

सकाळी ती वेळेआधीच गाडीत जाऊन बसली. बोंडं कानांत घातली, डावं नीट आत सरकवलं. तो आला, डावीकडचं दार उघडून बसला, पट्टा लावला. तिने गाडी बाहेर काढली, नजर समोर ठेवली, आणि तो कधी बोलायला लागतोय याची वाट बघू लागली.